पॅशन फ्रूटचा वेल भरभरून फुलतो, पण फळ धरत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

गच्चीवर किंवा परसात पॅशन फ्रूट लावलेल्यांची एक तक्रार दरवर्षी माझ्यापर्यंत येते. वेल जोमात आहे, मांडव भरलाय, फुलं इतकी की येणारे-जाणारे थांबून बघतात, आणि फळ मात्र एकही नाही. तक्रारीच्या पाठोपाठ प्रश्न ठरलेला: "कोणतं खत घालू?"

बहुतेक वेळा खताचा इथे काही संबंध नसतो. वेलाला फूल आलं म्हणजे मुळांनी, मातीने आणि उन्हाने आपलं काम केलेलं आहे. बिघाड असतो तो फूल उमलल्यापासून मिटेपर्यंतच्या काही तासांत. तो शोधायला एक रुपयाही लागत नाही, फक्त योग्य वेळी फुलासमोर उभं राहावं लागतं. म्हणून आधी फुकटातल्या तपासण्या, मग थोड्या खर्चाच्या, आणि मुळं उकरणं अगदी शेवटी. हा क्रम मोडून कुणी थेट खताच्या पिशवीकडे गेलं की एक अख्खा बहर हातचा जातो, हे मी अनेक बागांत पाहिलं आहे.

आधी लक्षण ओळखा

"फळ धरत नाही" या एका वाक्याखाली वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. आपली कोणती ते ठरवा.

- फूल पूर्ण उमलतं, मिटतं आणि एक-दोन दिवसांत देठ पिवळा पडून गळतं. ही सगळ्यांत जास्त आढळणारी तक्रार. कारण जवळजवळ नेहमी परागीभवनाचं.
- कळ्या येतात, पण उमलण्याआधीच गळतात. पाणी, उष्णता किंवा कीड.
- कळ्याच येत नाहीत, नुसती पानं. ऊन, नत्र, वेलाचं वय किंवा मुळात चुकीचा वाण.
- फळ धरतं, लिंबाएवढं होतं आणि गळतं किंवा सुरकुततं. फळमाशी किंवा पाण्याची ओढ.
- फळ मोठं होतं, पण हलकं लागतं आणि कापल्यावर आत पोकळ. अर्धवट परागीभवन.
- फळ दगडासारखं, वेडंवाकडं, पानांवर पिवळट-हिरवे चट्टे. हा विषाणू असू शकतो. वाट न बघता शेवटच्या भागाकडे जा.

१. वेल नक्की कोणता आहे?

नर्सरीत "कृष्णकमळ" म्हणून विकले जाणारे बरेच वेल निव्वळ फुलांसाठीचे असतात. निळसर-जांभळ्या किंवा लाल फुलांचे ते वेल दिसायला देखणे, पण त्यांच्याकडून पॅशन फ्रूटची अपेक्षा करून उपयोग नाही. खाण्याच्या पॅशन फ्रूटचं फूल असं ओळखा: पाकळ्या पांढऱ्या, आणि त्यांच्यावरचं तंतूंचं वर्तुळ तळाशी गडद जांभळं, टोकाकडे पांढरं. मोठ्या वेलाचं पान चकचकीत, तीन भागांचं, कडेला बारीक दाते.

आता खाण्याचा असेल तर पिवळ्या फळाचा की जांभळ्या? फळच नाही तर कसं कळणार, असं वाटेल. पिवळ्या जातीच्या कोवळ्या खोडावर आणि तणावांवर (वेल ज्या वळणाऱ्या दोऱ्यांनी आधार धरतो त्यांच्यावर) लालसर-जांभळी झाक असते, जांभळ्या जातीचे तणावे हिरवे राहतात. ही खूण शंभर टक्के नाही, कारण संकर बरेच आहेत. कोडगूमधल्या चेट्टळ्ळीच्या बागायती संशोधन केंद्राने काढलेला "कावेरी" हा या दोन जातींचाच संकर, आणि तो आपल्याकडच्या नर्सरींतही मिळतो. दुसरी आणि जास्त भरवशाची खूण म्हणजे फुलाचं घड्याळ. ते पुढच्या तपासणीत येतं.

जात कळणं इतकं महत्त्वाचं का? जांभळी जात बहुधा स्वतःच्या परागावर फळ धरते. पिवळी जात स्वतःचा पराग स्वीकारत नाही. मुंबई, कोकण, गोवा या उष्ण पट्ट्यात लोकांकडे जास्त करून पिवळीच असते, आणि तक्रारीही तिच्याच जास्त.

२. फुलाच्या वेळेला हजर राहा

जांभळ्या जातीचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या सुमारास मिटतं. पिवळ्या जातीचं दुपारी बाराच्या आसपास उमलतं आणि रात्री मिटतं. मिटलेलं फूल पुन्हा उघडत नाही. सकाळी झाडांना पाणी घालून कामाला जाणाऱ्या माणसाला पिवळ्या जातीचं उघडं फूल फक्त सुट्टीच्या दिवशी दिसतं, आणि तोवर आठवडाभराची फुलं गळून गेलेली असतात.

एखाद्या रविवारी फूल उमलल्यावर तासभर त्याच्याकडे बघा. फुलाचे भाग ओळखायला आपल्या आजीने सांगितलेली गोष्टच सगळ्यांत सोपी. बाहेरचे तंतू म्हणजे शंभर कौरव. त्यांच्या वर पसरलेले पाच पुंकेसर म्हणजे पांडव. सगळ्यांत वर तीन फाटे, ते ब्रह्मा-विष्णू-महेश. त्यांच्या खालची हिरवी गोल गाठ, तिला कुणी द्रौपदी म्हणतं, कुणी कृष्ण. या गाठीचंच पुढे फळ होतं. पराग पांडवांच्या खालच्या बाजूला असतो आणि तो वरच्या तीन फाट्यांच्या टोकांना, म्हणजे कुक्षींना, लागायला हवा.

फूल नुकतं उमलतं तेव्हा हे तीन फाटे वर ताठ असतात. हळूहळू ते खाली वाकतात आणि पांडवांच्या पातळीला येतात. हे वाकणं होतंय का ते बघा. काही फुलांत फाटे शेवटपर्यंत ताठच राहतात, अशी फुलं फळ धरत नाहीत. त्यांचा पराग मात्र चांगला असतो, तो दुसऱ्या फुलाला वापरता येतो. मांडवावर थोडी फुलं अशी असणं अगदी स्वाभाविक आहे. जवळजवळ सगळीच ताठ असतील तर बिया लावून आलेला तो एखादा वेलच तसा असू शकतो, तिथे दुसरा वेल लावणंच बरं.

३. फुलावर कोण येतं?

तो तासभर उभे आहातच, तर पाहुणेही बघा. पॅशन फ्रूटचा खरा कामकरी म्हणजे काळा, जाडजूड, गुणगुणत येणारा भुंगा, वाशात आणि बांबूत भोकं पाडणारा. तो तळाचा मध प्यायला घुसला की त्याची रुंद पाठ वरच्या परागकोशांना घासते, पाठीवर पराग बसतो, आणि पुढच्या फुलात वाकलेल्या कुक्षींना तो लागतो. फुलाची सगळी मांडणीच एवढ्या मोठ्या अंगाच्या किड्यासाठी आहे.

मधमाशी लहान पडते. ती मध पिऊन जाते तेव्हा तिची पाठ वर पोचतच नाही. शिवाय मधमाश्या पराग गोळा करून नेतात, आणि भुंगा येईपर्यंत परागकोश रिकामे होतात. म्हणून "आमच्याकडे मधमाश्या भरपूर आहेत" या वाक्याने माझं समाधान होत नाही. वाऱ्याकडूनही आशा नाही, कारण हा पराग जड आणि चिकट असतो.

शहरात उंच मजल्यावर भुंगा सहसा येत नाही. जुन्या लाकडी घरांच्या भागात तो असतो, पण लाकूड पोखरतो म्हणून लोक त्याला मारतात. माझी कळकळीची विनंती आहे, मारू नका. तो उगाच चावत नाही. मांडवाजवळ सावलीत पोकळ सुक्या बांबूचे तुकडे एका बाजूने बंद ठेवून आडवे बांधा, किंवा मऊ लाकडाचा जुना ओंडका ठेवा. त्याला घर मिळालं तर तुमचा वासाही वाचतो. भुंगे वस्तीला यायला वेळ लागतो, म्हणून हे काम आजच करून पुढच्या तपासणीकडे वळा.

४. दोऱ्याची परीक्षा

आतापर्यंत फक्त निरीक्षण झालं. आता फुलालाच प्रश्न विचारायचा. या एका परीक्षेने बहुतेक वेलांचं निदान होतं, म्हणून ती टाळू नका.

लागेल ते एवढंच: लाल आणि पांढरा दोरा, आणि स्वतःचं बोट. ब्रशपेक्षा बोट बरं, कारण चिकट पराग ब्रशच्या केसांत अडकून बसतो. कानातली कापसाची काडीही चालते.

एकाच दिवशी उमललेली, फाटे नीट वाकलेली काही फुलं निवडा. अर्ध्या फुलांना त्याच वेलाच्या दुसऱ्या फुलाचा पराग लावा आणि देठाला पांढरा दोरा बांधा. उरलेल्या अर्ध्यांना दुसरीकडच्या, वेगळ्या मुळाच्या वेलाचा पराग लावा आणि लाल दोरा बांधा. दुसऱ्या वेलाचं ताजं उमललेलं फूल कोरड्या डब्यात घालून आणलं तरी त्या दिवशी काम होतं. परागाला पाणी लागता कामा नये. तिन्ही कुक्षींवर पिवळसर भुकटी डोळ्यांना दिसेल इतकी घासा. हात हलका ठेवा, गाठीला नख लागू देऊ नका.

तीन-चार दिवस थांबा. फळ धरलं असेल तर गाठ टवटवीत हिरवी राहून फुगू लागते, नाही तर देठ पिवळा पडतो. मग असं वाचा:

दोन्ही दोऱ्यांची फुलं धरली तर वेल स्वतःच्या परागावर फळतो, फक्त भुंगा नाही. बहराच्या दिवसांत रोज पाच मिनिटं बोट फिरवा, काम झालं. खत नको, औषध नको.

लाल दोऱ्याची धरली आणि पांढऱ्याची गळाली तर तुमचा वेल स्वतःचा पराग नाकारतो. पिवळ्या जातीत हे अगदी स्वाभाविक आहे, हा रोग नाही. दुसरा वेल हवा.

दोन्ही गळाली तर वेलावर कसला तरी ताण आहे, किंवा फुलं ओली झाली होती. सहाव्या तपासणीपासून पुढे जा.

५. दुसरा वेल, पण खरोखर दुसरा

इथे एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा समजावते. हौशी माणसं दुसरा वेल लावतात तरी फळ धरत नाही, आणि मग वेलच वांझ म्हणून काढून टाकतात. चौकशी केली की कळतं, दुसरा वेल पहिल्याच्याच कटिंगचा. किंवा दोघांनीही कटिंग एकाच शेजाऱ्याकडून आणलेलं. कटिंग म्हणजे त्याच वेलाचा तुकडा. दोन कुंड्यांत असले तरी पिवळ्या जातीच्या दृष्टीने ते एकच झाड, आणि एकमेकांचा पराग ते नाकारतात. एखाद्या सोसायटीत हौसेने वाटून वाटून सगळ्यांच्या गच्चीवर एकाच वेलाची कटिंगं पसरतात, मग सगळी इमारत फुलते आणि फळ कुणालाच मिळत नाही.

उपाय दोन. बाजारातून किंवा ओळखीच्यांकडून वेगवेगळ्या ठिकाणची फळं आणून बिया रुजवा. एकाच फळातल्या बियांची रोपं भावंडं असतात, त्यांचं एकमेकांशी जमेलच असं नाही, म्हणून फळं वेगवेगळी घ्या. ताज्या बियांचा गर चोळून, धुऊन लगेच पेरल्या तर चांगल्या उगवतात. रोपाला फुलायला साधारण वर्षभर द्या. घाई असेल तर दुसऱ्या गावातल्या फळणाऱ्या वेलाची कटिंग आणा.

दुसरा उपाय जागा नसणाऱ्यांसाठी: त्या वेगळ्या वेलाची एक फांदी आपल्याच वेलावर कलम करा. पाचर कलम इथे चांगलं जमतं. दोन्ही फांद्या एकाच मांडवावर फुलल्या की पराग आणायला कुठे जावं लागत नाही.

६. पाऊस आणि पाणी

या फुलाचा पराग भिजला की फुटून निकामी होतो. पावसाळ्यात फुलं भरपूर आणि फळ नाही, असं असेल तर कारण समोरच आहे. परागीभवनानंतर तास-दोन तास फूल कोरडं राहायला हवं. मांडवाच्या एका भागावर पारदर्शक प्लास्टिक ताणलं तर त्याखालची फुलं वाचतात. उघडीप मिळाली की बोटाने पराग लावायचा आणि त्या फुलावर कागदाची शंकूसारखी टोपी ठेवायची, हाही उपाय चालतो. आणि फुलं उघडी असताना वेलावर पाइपने पाणी मारू नका. पाणी फक्त मुळाशी.

उन्हाळ्यात उलटं होतं. पॅशन फ्रूटची मुळं उथळ असतात, वरची माती सुकली की वेल आधी कळ्या टाकतो, मग लहान फळं. लहान कुंडीत हा वेल कधीच सुखी नसतो. निदान ४०-५० लिटरचा ड्रम किंवा ग्रो बॅग हवी. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी द्या. वर सुक्या पालापाचोळ्याचा जाड थर द्या, फक्त तो खोडाला टेकू देऊ नका, नाही तर बुंधा कुजतो. एक दिवस डबडब पाणी आणि पुढचे दोन दिवस कोरडं, हे या वेलाला अजिबात मानवत नाही.

७. ऊन आणि छाटणी

रोज सहा तास तरी थेट ऊन हवं. बाल्कनीत दोन-तीन तास ऊन असेल तर वेल पानांनी भरेल, फुलणार नाही. वेल हलवता येत नसेल तर त्याचं टोक उन्हाकडे न्या, मुळं सावलीत राहिली तरी बिघडत नाही.

फूल नव्या फुटीवर येतं. वर्षानुवर्षं न छाटलेल्या मांडवात आत सुकलेल्या काड्यांचं जाळं होतं आणि नवी फूट फक्त वरच्या टोकाला राहते, जिथे हात पोचत नाही. फळांचा बहर संपला की मुख्य खोड आणि त्याचे जाड फाटे ठेवून बाजूच्या फांद्या आखूड करा, सुकलेलं सगळं काढा. जुनं लाकूड उघडं पडेल इतकी खोल छाटणी नको, त्यातून वेल कधी कधी उठतच नाही. भर उन्हाळ्यातही छाटू नका.

८. खत, शेवटी एकदाचं

इथवर येऊनही दोष सापडला नसेल, किंवा तुमची तक्रार "नुसती पानं" अशी असेल, तर आता खताचा विचार करा. आणि तो बहुतेक वेळा कमी करण्याचा विचार असतो. दर पंधरवड्याला शेणखत, वर युरिया, वर जीवामृत, असा लाड झालेला वेल गडद हिरवा होतो, हातभर लांब पेरं टाकतो आणि फुलायचं विसरतो. नत्र दोन महिने पूर्ण बंद करा. सल्फेट ऑफ पोटॅश ५ ग्रॅम १ लिटर पाण्यात विरघळवून पंधरा दिवसांतून एकदा ओल्या मातीत द्या. चुलीची राख असेल तर महिन्यातून एखादी मूठ पुरे. जास्त राखेने माती अल्कधर्मी होते आणि पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागतो.

९. हवा

जांभळी जात मूळची दक्षिण अमेरिकेच्या थंडसर भागातली. भारतात ती निलगिरी, कोडईकनाल आणि ईशान्येच्या डोंगरांत रमते. महाबळेश्वर-पाचगणीच्या हवेत ती खुश असते. नागपूरच्या किंवा चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तिच्याकडून फळाची अपेक्षा करणं तिच्यावर अन्याय आहे. तिथे पिवळी किंवा संकरित जात लावा, आणि एप्रिल-मेमध्ये पश्चिमेकडून शेडनेट बांधा. कडक उन्हाळ्यात कोणत्याही जातीच्या कळ्या गळतात. ते दिवस वेल जिवंत ठेवण्याचे आहेत, फळाचे नाहीत.

१०. कीड

कळ्यांच्या देठाशी पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. कळी उघडून बघितली तर आत बारीक पिवळसर फुलकिडे. दोन्हींना निंबोळी तेल, लिटरला ५ मिली आणि साबणाचे काही थेंब. पण वेळ पाळा: फूल उघडं असताना कोणतीही फवारणी नाही, निंबोळीचीसुद्धा नाही. पिवळ्या जातीवर सकाळी लवकर, जांभळ्या जातीवर सूर्यास्तानंतर. दुपारी उघड्या फुलावर रासायनिक कीटकनाशक मारलं तर जो एक भुंगा येत होता तोही जातो.

कोवळ्या फळावर सुईने टोचल्यासारखा डाग आणि भोवती घट्ट उंचवटा दिसला तर ती फळमाशी. फळ सुपारीएवढं असतानाच त्याला कागदी किंवा मलमलची पिशवी बांधा. गळालेली फळं मांडवाखाली पडू देऊ नका, त्यातूनच पुढची पिढी निघते.

दोन गोष्टींना घाबरू नका. पानाच्या देठावर दोन बारीक गाठी असतात आणि तिथे मुंग्या घुटमळतात. त्या गाठींतून गोड रस पाझरतो, तो वेलाचा स्वभाव आहे. दुसरं म्हणजे नारिंगी फुलपाखरांच्या काटेरी अळ्या. त्या पानं खातात, पण भरलेल्या मांडवाला त्यांनी फारसा फरक पडत नाही. अगदीच लहान रोपावर असल्या तर उचलून बाजूला करा.

पोकळ फळ आणि आंबट फळ

पॅशन फ्रूट कापल्यावर दिसणारा गर म्हणजे प्रत्येक बीभोवतीची रसाची पिशवी. जितक्या बिया तितका रस, आणि जितका पराग कुक्षीवर पोचला तितक्या बिया. म्हणून फळ मोठं दिसूनही आत अर्धं रिकामं असेल तर ते खताने भरत नाही. पराग लावताना हात आखडू नका आणि तिन्ही कुक्षी घ्या. हाताने नीट परागीभवन केलेलं फळ तळहातावर ठेवलं की वजनातला फरक लगेच जाणवतो.

"फळ धरलं, पण तोंडात घालवत नाही" ही तक्रार जवळजवळ नेहमी लवकर तोडलेल्या फळाची. फळ दोन-तीन आठवड्यांत पूर्ण आकाराचं होतं, पण पिकायला दोन ते तीन महिने लागतात. या मधल्या काळात ते हिरवं, तयार दिसतं आणि हात शिवशिवतात. थांबा. हिरव्या फळात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, ते कच्चं खाऊ नये, मुलांनाही देऊ नये. पिकलं की फळ रंग बदलून आपोआप गळतं. मांडवाखाली जाळी बांधा, म्हणजे फुटत नाही. गळालेलं फळ लगेच कापू नका. चार-पाच दिवस टोपलीत ठेवा, साल सुरकुतू द्या. सुरकुतलेलं फळ खराब झालं म्हणून फेकणारे खूप भेटतात, आणि नेमकं तेच सगळ्यांत गोड असतं. आंबटपणा उतरतो, वास खोलीभर पसरतो.

चवीत फरक जातीचाही आहे. जांभळं फळ लहान, गोड, वासाला गोडसर. पिवळं मोठं, रसाळ आणि चांगलंच आंबट. पिवळ्याचा गर चमच्याने खाण्यापेक्षा सरबताला घ्या: गर, साखर, चिमूटभर मीठ, गार पाणी. बियांसकट मिक्सरमध्ये फार फिरवू नका, बिया भरडल्या की सरबतात त्यांची कचकच आणि कडवटपणा उतरतो. गाळणीवर डावेने घोळा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

काही लक्षणं अशी आहेत, जिथे घरगुती उपायांनी फक्त वेळ जातो, आणि कधी कधी शेजारचे वेलही जातात.

वेल अचानक एका बाजूने किंवा पूर्ण माना टाकतो, माती ओली असूनही. बुंध्याजवळची एखादी फांदी आडवी कापून बघा. आत तपकिरी रंगाचं वर्तुळ दिसलं तर मर रोगाची शंका आहे. पाणी वाढवू नका, बुरशीनाशकांचे प्रयोग करत बसू नका.

पानं आखडलेली, चट्ट्याचट्ट्यांची, फळं टणक आणि सालीला जाड. हा विषाणू असेल तर त्यावर औषध नाही. तो मावा किडीमुळे आणि छाटणीच्या कात्रीवरून पसरतो. निदान होईपर्यंत त्या वेलाची कटिंग कुणालाही देऊ नका, आणि त्यावर वापरलेली कात्री दुसऱ्या वेलाला लावू नका.

वेल खुंटलेला, पिवळट, आणि मुळं थोडी उकरल्यावर त्यांवर गाठी. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत, असू शकतात. जांभळ्या जातीला त्यांचा आणि मर रोगाचा त्रास जास्त होतो, म्हणून जाणकार लोक ती पिवळ्या जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळांकडच्या भागावर, कलम करून घेतात. तुमचा वेल कलमी असेल तर सांध्याखालून फुटलेले कोंब आधी काढा. ते वाढू दिले तर वरचा वेल मागे पडतो आणि मांडव खुंटाचाच होतो.

या तिन्ही बाबतीत आपल्या जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र गाठा, किंवा दापोली, राहुरी, अकोला, परभणी यांपैकी जवळच्या कृषी विद्यापीठातल्या रोगशास्त्र विभागाकडे चौकशी करा. जाताना एक रोगट फांदी कागदात गुंडाळून, मुळांची थोडी माती प्लास्टिकच्या पिशवीत आणि पूर्ण वेलाचे फोटो न्या. नुसतं पान नेलं तर त्यांना फारसं सांगता येत नाही. दोऱ्याच्या परीक्षेचा निकालही सांगा, त्यांचा अर्धा तपास वाचतो.

आणखी एक गोष्ट, जी वेलाची नाही. ओल्या मातीने भरलेला १०० लिटरचा ड्रम १०० किलोच्या वर जातो. पावसात भिजलेला भरगच्च मांडव वारा अडवतो, आणि ते सगळं ओढणं कठड्यावर येतं. गच्चीला ओल दिसत असेल, कठड्याला भेगा असतील, किंवा लोखंडी मांडव नव्याने उभा करायचा असेल तर आधी स्थापत्य अभियंत्याला दाखवा. ड्रम खांबांच्या किंवा तुळयांच्या वर कुठे बसवायचे ते त्यांच्याकडून खडूने आखून घ्या, आणि मगच माती भरा.